नोंद क्रमांक सतरा

परवा टीव्हीवर दिसले गिरासे साहेब.
पंतप्रधानांच्या मागे, डावीकडे, अर्धेच;
कॅमेऱ्यानं खांद्यापाशी कापलेले.
नातवानं विचारलं, हे कोण?
म्हटलं, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार.
आमच्या यावल ठाण्यात पहिल्या दिवशी
यांना खुर्ची नव्हती,
मुद्देमालाच्या पेटीवर बसले होते.

एकोणऐंशीचा मे. कोठडीचे गज हाताला पोळायचे.
साहेब पंचविशीतले, दोंडाईच्याकडचे,
घरात अहिराणी, कागदावर इंग्रजी,
आमच्याशी जरा थांबून, मधलंच काहीतरी.
मी ठाणे अंमलदार, चावदस फेगडे,
अक्षर चांगलं म्हणून
बावीस वर्षं त्याच टेबलाला बांधलेला.

साहेब शिकले ते माझ्याकडून नाही.
आठवडे बाजारात, न्हाव्यापुढे गाल धरून,
आणि भरताच्या पंगतीत,
पऱ्हाट्यांच्या जाळाशेजारी
माणूस काय काय बोलून जातो.
"विचारायचं नाही, फेगडे," म्हणायचे,
"वांगं फुटेपर्यंत थांबायचं."

रुबाब तडवी सातपुड्यातून डिंक विकायला यायचा.
एका रात्री आला डिंकाशिवाय.
कोणत्या नाल्यानं, कोणत्या अंधारात
गावठी बंदुका खाली उतरणार, सांगितलं.
जाताना दारात वळला:
"मन्हं नाव नका लिखजो, सायेब."
माझी लेखणी उचललेली होती.
साहेबांनी मनगटावर हात ठेवला, नुसता.

नोंद क्रमांक सोळा: गस्त रवाना.
नोंद क्रमांक अठरा: गस्त परत. तेरा बंदुका, एक खेचर.
मधली ओळ कोरी.

तपासणीत शेरा आला, अंमलदाराचा निष्काळजीपणा.
माझी वेतनवाढ गेली.
साहेबांना पदक मिळालं.
(रागानं सांगत नाही. पदक घेऊन ते
आधी माझ्या घरी आले होते.
शेवभाजी खाताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.
तिखटच होती ती.)

पावसाळा सरता रुबाब सापडला,
त्याच नाल्यात.
हुरमतबाई ठाण्याच्या पायरीवर बसली.
"तो तुमनं काम करे का?"
साहेब म्हणाले, नाही.
इतक्या सरळ आवाजात
की क्षणभर मलाही खरं वाटलं.
त्या दुपारी कळलं, हा माणूस फार लांब जाणार.

गेलेच. मुंबई, मग ईशान्येकडे,
मग अशा खात्यात जिथं बदलीच्या हुकमावर
गावाचं नाव नसतं.
सात वर्षं परदेशात;
कुणी म्हणे वकिलातीत, कुणी म्हणे सुताचे व्यापारी.
फक्त दर आखाजीला
हुरमतबाईला मनीऑर्डर यायची.
पाठवणारा दरवेळी निराळा:
कोइमतूरचा गिरणी मॅनेजर, सिलीगुडीचा लाकूड ठेकेदार.
पोस्टमन हसायचा,
तडवणीचे सोयरे देशभर!
ती कुपन माझ्याकडे वाचायला आणायची.
संदेशाच्या जागी काहीच नसायचं.
मी ती कोरी जागा वाचून दाखवायचो.

आता ज्या टेबलाशी ते बसतात
तिथून म्हणे सगळ्या सीमा दिसतात.
आजवर किती मनगटांवर
हात ठेवला असेल त्यांनी,
कुठं कुठं कोऱ्या सोडल्या असतील ओळी...
विचारायचं नाही.

गेल्या थंडीत हुरमतबाई गेली.
उशाच्या पत्र्याच्या डब्यात कुपनं निघाली, एकतीस,
काळ्या दोऱ्यानं बांधलेली.
वर एक चिठ्ठी, शाळेतल्या पोराकडून लिहून घेतलेली:
"गिरासे सायेबले सांगजा,
माले मालूम व्हतं."

चिठ्ठी माझ्याकडे आहे.
दिल्लीचा पत्ता नातवानं काढून दिलाय,
लिफाफा आणलाय, तिकीट चिकटवलंय.
पाठवणाऱ्याच्या जागी
कुणाचं नाव लिहावं,
तिथं हात थांबलाय.